ताईच्या टाकीचं पाणी

आमच्या मागच्या अंगणात पोहण्याचा तलाव आहे, असं मी कधी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पेन्शनीतल्या माणसाला हे थेर कुठून सुचले, असं लोकांनी तोंडावर विचारलं असतं, पुण्यात विचारतात. शिवाय तलाव म्हणावा असं त्यात काही नव्हतं. दोन पलंग एकापुढे एक ठेवले तर मावतील एवढी लांबी, छातीपर्यंत पाणी, निळ्या फरशा, एका बाजूला चार पायऱ्या आणि त्यांच्या कडेने स्टीलचा कठडा. आम्ही तिला टाकी म्हणायचो. ती माझ्या थोरल्या बहिणीसाठी बांधली होती आणि बहिणीला तिच्यात पोहायचं नव्हतं. उभं राहायचं होतं.

ताईला अगदी लहानपणी पोलिओ झाला. उजवा पाय वाळला, डावा बेताचा उरला. लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर चढवून, काखेत कुबडी घेऊन ती शिकली आणि निवृत्त होईपर्यंत तिने मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवलं. लग्न तिने केलं नाही, मीही केलं नाही. माझ्या न करण्याचं कारण तिच्याशी जोडून लोक मला त्यागमूर्ती ठरवतात. तसं काही नाही. मला माणसं फार वेळ सहन होत नाहीत. ताई तेवढी होत असे.

साठी उलटल्यावर तिचे उरलेसुरले स्नायूही थकायला लागले. कुबडी असूनही स्वयंपाकघरापर्यंत जाताना तिला भिंत धरावी लागायची. डॉक्टर म्हणाले, पाण्यात चाला, पाण्यात शरीराचा भार राहत नाही. सार्वजनिक तलावावर जायचं नाव काढल्यावर ताई म्हणाली, "म्हणजे मला क्रेनने उतरवणार, आणि तिकीट लावून लोक बघणार. छान." शेवटी कात्रजच्या पलीकडे आम्ही जे छोटं घर बांधून राहिलो होतो, त्याच्या मागे ही टाकी झाली. शेजारचे गृहस्थ तिथल्या जुन्या गावातले, ज्यांच्या शेतावर आता आमच्यासारख्यांची घरं उभी आहेत. त्यांच्या बंगल्यामागे मोठा तलाव होता. त्यांनीच आपला माणूस पाठवून आमची टाकी बांधून दिली.

पहिल्या दिवशी ताई पायरीवर बसून बसून एकेक पायरी खाली घसरत गेली, शेवटच्या पायरीवरून तिने पाय सोडले आणि कठडा धरून उभी राहिली. कॅलिपर वर खुर्चीवर पडला होता. मग तिने एक हात सोडला, मग दुसरा. "अरे, बघतोयस का?" ती म्हणाली. मी बघत होतो. माझ्या बहिणीला कशालाही न धरता, लोखंडाशिवाय, स्वतःच्या दोन पायांवर उभी असलेली मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. मला रडू आलं. ते लपवायला मी फिल्टरचं बटण तपासायला गेलो.

टाकी बांधणं सोपं असतं, पाणी राखणं नाही. खडकवासल्याचं पाणी आम्हाला पिण्यापुरतं मिळायचं, टाकी भरायची ती टँकरने, बोअरच्या जड पाण्यावर. चार दिवस लक्ष दिलं नाही तर फरशीवर पांढरा थर आणि कोपऱ्यात हिरवी झाक. सुरुवातीला एक मुलगा देखभालीला यायचा. ताईने त्याला इतके प्रश्न विचारले की तो यायचा बंद झाला. तेव्हापासून प्रयोगशाळा तिची आणि हमाली माझी. मी उलट्या धारेने फिल्टर धुवायचो, लांब दांड्याच्या ब्रशने काठावरून भिंती घासायचो, तिने सांगितलं तेवढं क्लोरीन कालवून ओतायचो. पाण्यात मात्र कधी उतरलो नाही. मला पोहता येत नाही आणि गुडघ्याच्या वर पाणी आलं की माझा जीव घाबरतो.

तपासणीची पेटी म्हणजे दोन काचनळ्या आणि दोन बाटल्या. एकीचे थेंब टाकले की क्लोरीन असेल तसं पाणी पिवळं व्हायचं. दुसरीच्या थेंबांनी लाल-गुलाबी छटा यायची, तिच्यावरून आम्लाचा अंदाज. ताई खुर्चीवर ताठ बसायची. मी कोपरापर्यंत हात घालून पाणी आणायचो, कारण वरवरचं घेतलं तर ती ओतून टाकायला लावायची. पिवळ्या नळीत थेंब टाकून ती नळी बाजूला उभी करायची, मग लाल नळी करायची, मग कॅलिपरचे पट्टे सोडायची, आणि मगच पिवळी नळी पांढऱ्या भिंतीपुढे धरून रंग वाचायची. मी घाई केली की म्हणायची, "थांब. रंग बसू दे. वर्गात सगळ्या मुली इथेच चुकायच्या." तिच्या हाताखालून गेलेल्या सगळ्या मुलींनी हे वाक्य ऐकलं असणार.

आता गणपतीचं सांगायला हवं.

लहानपणी आमचा गणपती गौरींबरोबर नदीवर जायचा. वडील मूर्ती घ्यायचे, मी झांजा, आई आरतीचं तबक. ताई दारात. घाटाच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, पडशील, असं आई म्हणायची, आणि ते खरंच होतं. आम्ही परत यायचो तेव्हा ती उंबऱ्याशी भिंतीला टेकून उभी असायची. वडिलांच्या हातातल्या रिकाम्या पाटावर नदीची मूठभर वाळू असायची. ताई विचारायची, "कसा गेला?" वडील म्हणायचे, "छान गेला." दर वर्षी तेवढंच. पुढे आईवडील गेले, मूर्ती लहान झाली, मी एकटाच नदीवर जाऊन यायला लागलो. तरी तो प्रश्न आणि ते उत्तर चुकलं नाही.

टाकी झाल्यानंतरच्या पहिल्या गणपतीत ताईने जाहीर केलं, "या वर्षी मी बुडवणार." मी म्हटलं, बादलीतही करतात हल्ली. तिने ते हातानेच उडवून लावलं. मूर्तीही तिने नेहमीपेक्षा मोठी आणायला लावली. दुकानदाराने शाडूची आहे म्हणून गळ्याची शपथ घेतली. मी नखाने खरवडून बघायला गेलो तर म्हणाला, "आजोबा, देवाला नखं लावू नका." हा मनुष्य मला अजून भेटायचा आहे.

विसर्जनाला शेजारचं सगळं घर काठावर आलं होतं. आरती झाली. ताई पाण्यात उभी, पातळ ओचे बांधून नेसलेलं. मी काठावर गुडघे टेकून मूर्ती तिच्या हातात दिली. दोन्ही हातांनी तिने मूर्ती धरली, म्हणजे कठड्याला हात नव्हता. तीनदा खालीवर केली आणि तिसऱ्यांदा हळूच सोडली. शेजारी आपल्या दणदणीत आवाजात "मोरया" म्हणाले. ताई बराच वेळ खाली पाण्यात बघत राहिली. मग मान वर करून मला म्हणाली, "आता तू विचार."

"काय विचारू?"

"शहाण्या, कसा गेला ते."

मी विचारलं. ती म्हणाली, "छान गेला." त्या दिवशी ती जेवताना दोनदा भात मागून घेऊन जेवली.

दुसऱ्या दिवशी गणपती तसाच. तिसऱ्या दिवशीही तसाच. पाण्याखाली, खोल कोपऱ्यात, मुकुटासकट आमच्याकडे तोंड करून बसलेला. शाडू असती तर एका रात्रीत चिखल झाला असता; हे प्लास्टर होतं. मी म्हटलं, जाळीने उचलून बाहेर काढतो. ताई एकदम कडाडली. विसर्जन केलेली मूर्ती पुन्हा वर काढत नाहीत. बाई विज्ञानाची होती, पत्रिका-मुहूर्ताला हसायची, पण इथे ती हलेना. आणि खरं सांगायचं तर माझाही हात धजत नव्हता. एकदा निरोप दिलेल्याला कानाला धरून परत आणायचं, हे आमच्या घरात कोणालाच जमलं नसतं.

तोडगा शेजाऱ्यांनी आणला. वॉर्डात मूर्ती विरघळवायची पावडर वाटतात, तिच्या त्यांच्याकडे उरलेल्या पिशव्या ते घेऊन आले. "ह्ये टाका बगा बाई. आमच्या मंडळाच्या पोरांनी बी ह्येच टाकलं. खडू हुतो निस्ता."

मी म्हटलं, "पिशवीवर बादलीत टाका असं छापलंय."

"बादली काय नि टाकी काय, पाणीच हाय की ओ काका."

ताईने पिशवीवरचं नाव वाचलं. अमोनियम बायकार्बोनेट. तिने मनात समीकरण मांडलं, ओठ हलताना मला दिसले. "बरोबर आहे. प्लास्टरचा खडू होईल. सगळा जन्म खडूत गेला माझा, थोडा आणखी." ती हसली. मी पिशव्या फाडून ओतल्या. प्लास्टरच्या बाजूचं समीकरण तिचं अचूक होतं. त्याच पाण्यात आम्ही रोज क्लोरीन ओततो, ती बाजू मात्र कोणीच मांडली नाही.

पाणी ताकासारखं झालं. काही दिवस फिल्टर चालवल्यावर निवळलं. कोपऱ्यात पांढऱ्या गाळाचा ढीग दिसायचा. देव खडू झाला असं आम्ही धरून चाललो. पण पाण्याला नाकात घुसणारा वास यायला लागला. ताई वर यायची ती डोळे लाल करून. तिने नळीत थेंब टाकले, रंग बसू दिला आणि भिंतीपुढे धरला. गडद पिवळा. "क्लोरीन फार झालंय. आज घालू नकोस." दुसऱ्या दिवशी तेच. "अजून आहे भरपूर. राहू दे." मी क्लोरीनचा डबा झाकण लावून ठेवून दिला. वास येतोय, रंग येतोय, म्हणजे औषध आहे. कोणीही हेच म्हटलं असतं. मी दोषी वगैरे रडगाणं गाणार नाही. मला रसायन कळत नव्हतं आणि जिला कळत होतं तिच्यावर माझा विश्वास होता.

पितृपक्षात आईचं श्राद्ध झालं. दुपारी जेवणं आटोपल्यावर ताई टाकीवर गेली. मी खुर्चीपाशी उभा राहून तिचा कॅलिपर हातात घेतला. ती नेहमीसारखी पायरी पायरी घसरत गेली. शेवटच्या पायरीवर पाय टेकवून उठायला लागली आणि तिचा डावा पाय, जो त्यातल्या त्यात चांगला होता, तो सर्रकन पुढे गेला. वाळलेला पाय अंगाखाली आला. एक आवाज झाला. त्याचं वर्णन मी करणार नाही.

तिचं डोकं पाण्याखाली गेलं तेव्हा मी आत होतो. कसा उतरलो ते मला आठवत नाही. धोतर, चष्मा, सगळ्यासकट. तिला काखेत धरून मी वर उचललं आणि शेजाऱ्यांच्या नावाने ओरडलो. ते कुंपणावरून उडी मारून येईपर्यंत मी तिला धरून त्या पायरीवर उभा होतो आणि माझे तळवे एकसारखे सरकत होते. पायरीला बुळबुळीत थर होता. वरून बघताना फरशी निळीच दिसत होती.

मांडीचं हाड कमरेजवळ मोडलं होतं. ऑपरेशन झालं. डॉक्टर तरुण होता, माझ्या मुलाच्या वयाचा, मला मुलगा असता तर. "काका, बोन क्वालिटी फारच पूअर आहे. रॉड टाकलाय, पण वेट बेअरिंग अव्हॉइड करायचं."

"म्हणजे किती दिवस?"

त्याने हातातल्या फोनकडे पाहिलं. "काका, आता उभं राहणं डोक्यातून काढून टाका."

मी त्याला विचारलं, हेच वाक्य तुम्ही तिला सांगणार की मी सांगू. तो म्हणाला, ताईंनीच सकाळी विचारून घेतलं.

घरी आणल्यावर तिची कॉट मागच्या खिडकीशी लावली. खिडकीतून टाकी दिसायची. मी फिल्टर रोज चालवत होतो, पानं काढत होतो, ब्रश मारत होतो. टाकीत पाणी आहे तोवर ती पुन्हा उतरेल, असं माझं वेडगळ गणित होतं. डॉक्टरचं काय, डॉक्टर चुकतात.

एक दिवस ती म्हणाली, "पाणी आण. आणि पेटी."

मी कोपरभर हात घालून पाणी आणलं. तिला बसता येत नव्हतं, उशी उंच करून नळी मी धरली, थेंब तिने टाकले. एरवी ती नळी बाजूला ठेवून दुसऱ्या कामाला लागायची. आता तिला दुसरं काम नव्हतं. ती नळीकडे बघत राहिली. पाणी बिनरंगाचंच. जरा वेळाने पिवळटपणा आला. आणखी जरा वेळाने तो गडद झाला.

"पुन्हा कर," ती म्हणाली. पुन्हा तेच. मग तिने पिण्याच्या नळाचं पाणी आणायला लावलं. त्यात थेंब पडताक्षणी फिकट पिवळं झालं आणि तिथेच थांबलं.

ती डोळे मिटून पडून राहिली. मला वाटलं झोपली. मग छताकडे बघत, वर्गात सांगावं तसं सांगायला लागली. "थेंब पडताच जो रंग येतो, तो कामाचा क्लोरीन. मागाहून चढतो, तो अमोनियाशी संसार थाटून बसलेला. वास मारतो, डोळे जाळतो, पण शेवाळाचं काही वाकडं करत नाही. टाकीत कामाचा क्लोरीन नव्हताच. पावडर पडल्या दिवसापासून नव्हता." "रंग खोटा नव्हता. मी वाचला उशिरा. आणि जन्मभर मुलींना काय सांगितलं? थांबा. रंग बसू द्या."

मी म्हटलं, "कोणाच्या लक्षात आलं असतं?"

"माझ्या यायला हवं होतं," ती म्हणाली. "टाकी रिकामी कर."

मी म्हटलं, घाई काय आहे, पाणी नवं भरू, उन्हाळ्यापर्यंत तुला बरं वाटेल. मी बरंच बोललो. ती म्हणाली, "रोज सकाळी उठून मला ते बघावं लागतं रे." तिच्या आवाजात नेहमीची धार नव्हती, विनवणी होती, आणि ती मला ऐकवली नाही. मी पंप लावला.

पाणी संध्याकाळपर्यंत उतरलं. कोपऱ्यातला पांढरा गाळ मी खराट्याने ओढायला लागलो तर खाली काहीतरी टणक लागलं. मुकुट नव्हता, सोंड नव्हती, हात नव्हते. खडूच्या थराखाली मांडी घातलेला खालचा भाग शिल्लक होता आणि पुढे एक पाऊल. नखांचा लाल रंग तसाच. एवढ्या मोठ्या पाण्यात पावडर इतकी पातळ झाली की तिने धड देवही विरघळवला नव्हता. मी चपला काढल्या, हात जोडले आणि जे आम्ही करायला धजलो नव्हतो ते केलं. दोन्ही हातांनी त्याला उचलून वर आणला.

ताईला दाखवू नये असं ठरवलं होतं. पण खिडकीतून तिने पाहिलंच होतं. मी ताटात ठेवून नेला. तिने बोटाने त्या पावलावरचा खडू पुसला.

"उठायचं त्यालाही जमलं नाही," ती म्हणाली. "बसूनच राहिला बिचारा, माझ्यासारखा."

नंतर सगळं पिशवीवर छापलं होतं तसं केलं. बादली, मोजून पाणी, मोजून पावडर. बादली कॉटशेजारी ठेवली. ताई पडल्या पडल्या लाकडी काठीने ती ढवळायची. वासाने तिला खोकला यायचा, मी खिडकी उघडायचो. ती ढवळत राहायची. हळूहळू काठीला काही लागेनासं झालं. खाली खडू बसला, वर नितळ पाणी आलं. ते पाणी म्हणजे खतच, भरपूर पातळ करून झाडांना घालतात, तिनेच सांगितलं.

अंगणात पेरूचं झाड होतं, तिथे घालायचं ठरलं. तिला यायचं होतं. मी चाकाची खुर्ची आणली, शेजाऱ्यांना हाक मारली, दोघांनी तिला कॉटवरून उचलायला घेतलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. "नको," ती म्हणाली. "ठेवा मला. तू जा."

मी बादली घेऊन एकटाच मागच्या दाराने गेलो. कोरड्या टाकीच्या कडेने पेरूपाशी गेलो, थोडं थोडं करून पाणी आळ्यात ओतलं. झांजा नव्हत्या. "मोरया" म्हणालो, पण तोंडातल्या तोंडात. आळ्यातली चिमूटभर ओली माती घेतली आणि परत फिरलो.

खोलीत आलो तर तिची मान दाराकडे वळलेली होती. मी माती तिच्या उशाशी ठेवली. तिने माझ्या हातातल्या रिकाम्या बादलीकडे पाहिलं.

"कसा गेला?" तिने विचारलं.

"छान गेला," मी म्हणालो.